कोरडं पाणी

सोनकांबळे मामा माझ्याशी पहिल्यांदा बोलले तो एक प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही. मी घरासमोर स्कूटर धूत होतो. अर्धीच बादली पाणी घेऊन, माझ्या मते अगदी काटकसरीनं. मामा रस्त्यानं चालले होते ते थांबले. हात मागे बांधले, मान तिरकी केली आणि स्कूटरला ताप भरलाय की काय, अशा काळजीनं तिच्याकडं बघत राहिले.

"बाबूसायेब," ते म्हणाले, "तहान लागली का तिला?"

मी हसलो. ते हसले नाहीत. बादलीत उरलेलं पाणी त्यांनी उचललं, दोन घरं सोडून असलेल्या लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतलं, रिकामी बादली माझ्यासमोर ठेवली आणि खांद्यावरचं एक फडकं माझ्या हातात देऊन निघून गेले. फडकं जुन्या धोतराचं होतं, सायीसारखं मऊ. मी त्यानं स्कूटर पुसली आणि लाजेनं आलेला घामही पुसला. दुसऱ्या दिवशी ते परत करायला गेलो तर मामांनी ते नाकाशी नेलं.

"तोंड पुसलाव का ह्याला? मग आता हे गाडीच्या कामाचं न्हाई. घामात मीठ असतंय. ठिवा तुमालाच."

ते फडकं पुढं माझ्या आयुष्यात टॉवेल म्हणून राहिलं.

लातूर तेव्हा नुकतं जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांचे फलक आधी आले, कचेऱ्या मागाहून आल्या आणि खुर्च्या त्याच्याही मागाहून. अशाच एका कचेरीत मी कारकून म्हणून नांदेडहून आलो. निघताना आमचे साहेब म्हणाले होते, नव्या जिल्ह्याला होतकरू माणसं हवीत. नांदेडला कोण नको याची यादी त्यांनी आधी केली होती, हे मला पुढं कळलं. जिल्हा झाल्याची बातमी पावसाला मात्र कुणी कळवली नसावी. तो जुन्याच पत्त्यावर जात राहिला, आणि तिथल्या लोकांचं म्हणणं होतं की तिकडंही पोचला नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी टाकी होती. दिवसाआड दुपारी चारला टँकर येऊन ती भरायचा. टाकीच्या तोटीला पितळी कुलूप होतं, आणि त्याची किल्ली मामांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, दोऱ्याला बांधलेली. ती त्यांनी मागितली नव्हती. पहिल्या आठवड्यात टाकीपाशी घागरींची फेकाफेक झाली तेव्हा आमच्या समोरच्या सुभद्राबाईंनी, ज्यांच्या आवाजाला गल्लीत अपील नव्हतं, निकाल दिला की किल्ली मामाकडं. मामांच्या हातून पाणी गेलं की घागर तोंडापर्यंत भरायची आणि खाली चिखल म्हणून व्हायचा नाही. कुणाच्या किती घागरी याची यादी मी लिहून दिली होती, कारण गल्लीत माझं अक्षर चांगलं होतं. हे अक्षर पुढं माझ्यावरच उलटणार होतं.

मामा मूळचे देवणीजवळच्या एका खेड्यातले. नांदेडला एका वर्कशॉपात त्यांनी उभी हयात गाड्यांना रंग आणि पॉलिश करण्यात घालवली आणि निवृत्त होऊन लातूरला लेकीजवळ घर केलं. काटकुळा देह, पांढरा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पण काचा अशा, की काचा आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा. त्यांना एक खोड होती. चकाकू शकेल अशी कुठलीही वस्तू दिसली की ते तोंड जवळ नेऊन तिच्यावर 'हाऽ' करून श्वास सोडायचे, वाफ धरली की कोपरानं पुसायचे आणि उजेडाकडं तिरकं धरून बघायचे. चहाचा पेला, दाराची कडी, दुसऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ, काहीही. एका लग्नात बँडवाला दम घ्यायला थांबला तर मामांनी त्याच्या कर्ण्यावर 'हाऽ' केलं. त्याला वाटलं म्हातारा वाजवायला मागतोय.

वाफ सगळीकडून सारखी उडाली तर मामा एवढंच बोलायचे. "पाणी हाय." मोत्याला असतं तसलं पाणी. चकाकीला ते कधी चमक म्हणत नसत. चमक म्हणजे वरवरची, जत्रेतल्या बांगडीची. पाणी आतून वर येतं. माणसांचीही ते याच मापानं वर्गवारी करत. सुभद्राबाईत पाणी हाय, टँकरच्या ड्रायव्हरात नुसती चमक हाय. मी कशात बसतो हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत फडक्यांच्या तीन घड्या असत आणि तिन्हींना नावं होती. पहिलं जाडंभरडं, त्याचं नाव हमाल. त्यानं फक्त ओझं उचलायचं. दुसरं मांजरपाटाचं, त्याचं नाव मास्तर. ते घासून घासून शिकवतं. तिसरं जुन्या धोतराचं, सात वर्षं धुतलेलं, त्याचं नाव सुईण. "सुईण शेवटी येती," मामा सांगायचे, "आन् हलक्या हातानं येती. हमालाला कदी बाळंतपणाला बोलवू नाय." मला मिळालेलं ते पहिलं फडकं सुईण होतं हे कळल्यावर मला माझ्या टॉवेलबद्दल फार वाईट वाटलं.

अशात गावात लाल गाडी आली.

विलायतेहून परतलेल्या डॉक्टर निटुरेंनी नव्या जिल्ह्यात दवाखाना काढला आणि येताना सोबत स्पोर्ट्स कार आणली. दोनच माणसं बसतील एवढी, जमिनीला पोट टेकलेली, वर कापडाचं उघडझाप होणारं टप. सुभद्राबाईंनी नाव ऐकून विचारलं, "खेळाची गाडी म्हणता, मग हिला कोणता खेळ येतो?" खेळ एकच येत होता, धूळ गोळा करण्याचा. आठ दिवसांत ती लालची विटकरी झाली. आणि तिला धुवायची सोय नव्हती, कारण गाड्या धुण्यासाठी पाणी वापरल्यास कारवाई होईल असा आदेश निघाला होता. त्याची प्रत मीच सुवाच्य अक्षरात काढून भिंतीला डकवली होती.

त्याच सुमारास जिल्ह्याचा पहिला वाढदिवस आला. मिरवणुकीत पाहुण्यांना उघड्या गाडीतून न्यायचं ठरलं, आणि उभ्या जिल्ह्यात उघडी गाडी ही एकच. बाकी उघड्या होत्या त्या बैलगाड्या. आमच्या साहेबांनी बैठकीत विचारलं, पाण्याशिवाय ही गाडी साफ कोण करील? सगळे फायलींत बघत बसले. मला कुणी विचारलेलं नव्हतं, पण नांदेडनं मला का पाठवलं हे लातूरलाही कळायला हवं होतंच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, माझ्या ओळखीत तज्ज्ञ आहे.

मामांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, हात न लावता. डॉक्टरांनी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक दाखवलं. मी त्यातला पहिला नियम वाचला, की गाडी प्रथम भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावी. मामांनी पुस्तक मिटलं.

"लिवणाऱ्याच्या देशात दुष्काळ न्हाई वाटतं."

मग त्यांनी मला नांदेडला पाठवलं. तिथल्या बाजारात विलायती माल मिळतो, पाच जातींचं पॉलिश घेऊन या म्हणाले, निवड मी करतो. मी पाच डबे-बाटल्या आणल्या आणि सगळ्यांवरची लेबलं वाटेत पाठ केली. मामांना लेबलं ऐकायची नव्हती. ते आधी वास घ्यायचे, मग थेंबभर माल अंगठ्याच्या नखावर चोळायचे, मग म्हणायचे, "आना तुमची स्कूटर."

पहिल्या बाटलीवर हसऱ्या बाईचं चित्र होतं. मामांनी हुंगून ती बाजूला ठेवली. "ह्यात बाई हाय, मेण न्हाई." दुसरा डबा मलमाचा. नखावर चोळल्यावर नखावर रेघा उठल्या. "ही वाळू हाय. नव्या रंगाचा जीव घेईल." तिसरी बाटली फवाऱ्याची, मी तिच्यावर सगळ्यात जास्त भाळलो होतो, कारण स्कूटरच्या टाकीवर मारताच लखलखाट झाला. मामा म्हणाले, थांबा. आम्ही दुपारच्या वाऱ्यापर्यंत थांबलो. वारा आला आणि गल्लीतली सगळी धूळ त्या लखलखाटावर येऊन बसली ती उठेचना.

"पाव्हण्यासारखी हाय ही चमक," मामा म्हणाले. "जाईल तवा जाईल, पर धूळ मागं ठिवून जाईल."

चौथ्या बाटलीचं मामांनी फक्त झाकण उघडलं, डोळे चोळले आणि ही नक्को म्हणाले. पण मी तिला सर्वांत जास्त वाट वाकडी करून आणलं होतं. मामा वळल्यावर मी तिचे चार-पाच थेंब स्कूटरवर ठिकठिकाणी टाकून बघितले. पांढरा रंग बुडबुडला आणि खालून काळा वर आला. अस्सल कंपनीचा पांढरा म्हणून मला विकलेली स्कूटर मुळात काळी होती, हे मला असं कळलं. अर्ध्या तासात तिच्या अंगभर काळे डाग उमटले. मामांनी परत येऊन बघितलं. देवणीकडच्या माणसाला ते रूप ओळखायला वेळ लागला नाही.

"शेवरा झाली की ही."

पांढऱ्या अंगावर वाटेल तिथं काळे ठिपके असलेल्या देवणी जनावराला शेवरा म्हणतात. सुभद्राबाईंनी बायकी रूप करून तिचं नाव शेवरी ठेवलं, आणि मी कचेरीला निघालो की हाळी देऊन विचारायच्या, "बाबू, शेवरी किती लिटर देती?"

पाचवा डबा साधा होता. वर चित्र नाही, दोन ओळींचं लेबल, आत घट्ट पिवळसर मेण. मी तो केवळ पाच आकडा पुरा करायला घेतला होता. मामांनी वास घेतला, नखावर चोळला, 'हाऽ' केलं, आणि डबा सदऱ्याच्या टोकानं पुसून जवळ ठेवला. "हा कमी बोलतो. हाच घ्यायचा." बाकीचा माल त्यांच्या घरचाच होता. धूळ झाडायला देवणी बैलाच्या शेपटीच्या केसांचा गोंडा. रंगात रुतलेले कण उचलायला तेलात मळलेला कणकेचा गोळा. टपाच्या कापडाला तव्यावर गरम केलेला गव्हाचा कोंडा, चोळून झटकून टाकायचा. आणि कातडी सीटांना एरंडेल, जसं मोटेच्या कातड्याला लावायचे तसं. हे एरंडेल मी जरा सढळ हातानं लावलं आणि बरं दिसतं का बघायला स्वतः सीटवर बसलो. पॅंटवर मागं दोन गोल डाग घेऊन मी दिवसभर कचेरीत वावरलो. कुणी काही बोललं नाही. फक्त ज्या टेबलाजवळून मी गेलो तिथं खोकला लागत गेला.

काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोंडा फिरवता फिरवता मामांना मी विचारलं, हे बिनपाण्याचं शिकलात कुठं? मला वाटलं वर्कशॉपाचं नाव सांगतील.

"ल्हान होतो तवा जहागीरदाराची मोटार हुती गावात. ती पुसायचं काम माजं. धुवायची म्हणलं तर हिरीचं पाणी लागतंय. हिरीला मी हात लावला की हिर बाटायची." गोंडा बॉनेटवरून एका लयीत चालला होता. "मोटारीला लावला तर मोटार न्हाई बाटायची. विलायती हुती ना. मग म्या म्हणलं, आपली मोटारच बरी. कोरडंच काम शिकावं."

मी तीच ती सीट पुन्हा पुन्हा पुसू लागलो. मामांनीच सोडवलं. "तिकडचा मास्तर द्या इकडं. कोपऱ्यात घाण हाय."

संध्याकाळी सुईण फिरली. मामांनी बॉनेटवर तोंड नेलं, 'हाऽ' केलं. वाफ चहूकडून एकाच वेळी आत ओढल्यासारखी गेली. लाल रंगात लिंबाचं झाड उलटं उभं होतं, पान न् पान. डॉक्टर निटुरे, जे विलायतेत पाच वर्षं राहून आले होते, ते फक्त 'अरे' म्हणाले.

"चडलं पाणी," मामा म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

आता माझ्या कर्तबगारीकडं येतो. काम झाल्याचा अहवाल मला द्यायचा होता. मामांचा तो शब्द माझ्या मनात घर करून बसला होता, आणि सरकारी मराठीत थोडं साहित्य मिसळायची मला पहिल्यापासून हौस. मी सुंदर अक्षरात लिहिलं: "विषय: गाडीस पाणी चढविणेबाबत. सदर गाडीस श्री. सोनकांबळे यांचेमार्फत उत्तम प्रतीचे पाणी चढविण्यात आले आहे." खाली सही केली. ती कुणाला वाचता येत नाही याचा मला तेव्हा अभिमान होता.

मिरवणूक झकास झाली. लोकांनी पाहुण्यांकडं कमी आणि गाडीत दिसणाऱ्या स्वतःच्या तोंडाकडं जास्त बघितलं. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते. गाडी समोरून गेली तेव्हा त्यांनी पाहुण्यांना नाही, बॉनेटला मान तुकवली.

आणि तिसऱ्या दिवशी मामांना नोटीस आली.

झालं असं होतं, की आवक विभागातला माणूस त्या दिवसांत 'पाणी' शब्द दिसेल तो कागद डोळे मिटून टंचाई शाखेकडं पाठवत होता. एकानं रजेच्या अर्जात 'डोळ्यांतून पाणी येते' असं लिहिलं होतं, तोही तिकडं जाऊन आला होता. टंचाईच्या साहेबांनी माझा कागद वाचला. गाडीला पाणी, तेही उत्तम प्रतीचं. आणि ते देणारा कोण, तर गल्लीच्या टाकीची किल्ली ज्याच्या खिशात, तो. नोटिशीत लिहिलं होतं की चौकशी होईपर्यंत किल्ली जमा करावी.

शिपाई किल्ली घ्यायला आला तेव्हा टाकीपाशी रांग उभी होती. मामांनी आतल्या खिशातून दोरा ओढला, गाठ सोडली, किल्ली सुईणीनं पुसली आणि दिली.  मामा घराकडं निघाले तसा रांगेतला कुणीतरी पुटपुटला की आमची घागर मोजून, आन् गाडीला मोप. सुभद्राबाईंनी त्याला तिथंच वाजवला, पण संध्याकाळी त्या स्वतःच मामांच्या दारात उभ्या राहून हळूच विचारत्या झाल्या, "मामा, तसं काय न्हाई ना?"

मामा म्हणाले, "बाई, तुमी पण इचारलाव."

हे मी माझ्या खिडकीतून ऐकलं. लगेच बाहेर येऊन सांगायला हवं होतं की शब्द माझा आहे. मी खिडकी लावली. चार दिवस मी सकाळी लवकर निघून जायचो, शेवरीला ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचो, म्हणजे आवाज होऊ नये. मनाला सांगायचो की चौकशीत सगळं आपोआप स्वच्छ होईल. मामांच्या अंगणात ट्रंक बंद होती. ते पायरीवर बसून असत आणि समोर चहाचा पेला आला तरी त्यावर 'हाऽ' करत नसत.

पाचव्या दिवशी चारला टंचाईचे साहेब जीप घेऊन टाकीपाशी आले. माणूस वाईट नव्हता. दिवसभर टँकरांमागं फिरून घसा बसलेला, जीपवर धुळीचा एवढा थर की तिचा मूळ रंग कोणता हे सांगता येऊ नये. गल्ली झाडून गोळा झाली. साहेबांनी माझा कागद काढून मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, गाडी इतकी लख्ख पाण्याशिवाय झाली, यावर विश्वास कसा ठेवायचा?

मामांनी घरातून ट्रंक आणली. मग सुभद्राबाईंच्या घागरीतून एक तांब्या भरून मागितला, काठोकाठ, आणि तो नेऊन साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर मधोमध ठेवला.

"सायेब, हा तांब्या हितंच ऱ्हाईल. ह्याच्या भवती मी काम करतो. एक थेंब सांडला तर वापरला म्हणा."

गल्लीनं श्वास धरला. गोंडा निघाला. मग कणकेचा गोळा, तेव्हा साहेबांनी विचारलंच, कणकेत पाणी असेल ना? तेलात मळलंय, चाकून बगा, असं मामा म्हणाले आणि साहेबांनी खरोखर बोट लावून चाखलं. मग हमाल, मग मास्तर. मास्तर जोरानं फिरतो. तांब्यातलं पाणी काठापाशी थरथरायचं, फुगायचं, आणि परत आत जायचं. मी रांगेत शेवटी उभा होतो आणि माझ्या अंगावरून मात्र पाणी वाहत होतं. सुईण आली. तांब्याभोवती जीपचा खाकी हिरवा रंग वर यायला लागला, गोल, तळ्यासारखा. मामा वाकले आणि त्यांनी 'हाऽ' केलं.

साहेबांनी बोट दाखवलं. "ही वाफ. म्हणजे पाणी वापरलंच की थोडं."

"हाव," मामा म्हणाले. "पर ते माज्या अंगातलं हाय. टँकरचं न्हाई."

वाफ उडाली. साहेब वाकून बघायला लागले ते बघतच राहिले, आणि नकळत त्यांनी भांगावरून हात फिरवला. गल्ली हसली. साहेबही हसले. मामांनी बॉनेटवरचा तांब्या अलगद उचलला आणि त्यांच्यापुढं धरला.

"प्या सायेब. दमलाव."

साहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि बसलेल्या घशानं सगळा रिकामा केला. तो पूर्ण रिकामा होईतो मामा त्यांच्या गळ्याकडं बघत उभे होते. मग तांब्या परत घेऊन त्यांनी तो पुसला आणि सुभद्राबाईंना दिला.

साहेबांनी किल्ली काढली, पण त्याआधी कागद पुन्हा उघडला. "पण हे असलं लिहिलंय कुणी? सही तर वाचता येत नाही."

आता माझी पाळी होती. मी पुढच्या माणसाच्या आड सरकलो. आवाज आला मामांचा.

"जाऊ द्या सायेब. लिवणारानं कोरडं लिवलं, वाचणारानं ओलं वाचलं. शब्द माजाच हाय."

हे ऐकल्यावर कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी रांगेतून बाहेर पडलो आणि म्हणालो, "मी लिहिलंय." ते इतक्या मोठ्यानं निघालं की साहेब दचकले. सुभद्राबाई म्हणाल्या, "शेवरीवाल्या, चार दिस कुटं चरायला गेला हुतास?" 

पण मामांनी किल्ली लगेच घेतली नाही. जसा ठपका कागदावर आला तसा तो कागदावरच पुसला पाहिजे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि कागद मला दिला. जीपच्या त्याच बॉनेटवर कागद ठेवून मी लिहायला बसलो. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"घागरींची यादी कुणी लिवली? रोज बगतो तुजं अक्षर." पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. "चार दिस वाट बगून ऱ्हायलो. लिव्ह आता. पाणी दोनदा लिव्ह. एकदा ओलं, एकदा कोरडं."

मी लिहिलं: "सदर गाडीस पाणी न वापरता पाणी चढविण्यात आले." माझ्या सगळ्या नोकरीतलं हे एकच वाक्य, जे लिहून मी दुसऱ्यांदा वाचलं. मामांनी कागदावर शाई वाळायच्या आत 'हाऽ' केलं. सवयीनं. पहिलं 'पाणी' जरा पसरलं.

पुढच्या वर्षी माझी बदली हदगावला झाली. लातूरलाही आता यादी करता येत होती. निघायच्या दिवशी दुपारी मी खोलीला कुलूप लावून बाहेर आलो तर शेवरी अंगणात नव्हती. मामांच्या दारात होती. ट्रंक उघडी, तिन्ही घड्या बाहेर. मला वाटलं त्यांनी डाग झाकले असतील, पण डाग जिथल्या तिथं होते. प्रत्येक काळा ठिपका वेगळा घासून त्यात आभाळ दिसेल असा केला होता.

"डाग न्हाई निघत," ते म्हणाले. "पर डागाला बी पाणी चडतंय. ऱ्हाऊ दे."

आणखी काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो, पण कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला आणि मामा खिशातला किल्लीचा दोरा ओढत टाकीकडं गेले. मी स्कूटर सुरू केली. तिचा आरसाही त्यांनी पुसला होता. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी त्यात बघत होतो. घागरींची रांग, सुभद्राबाई कुणाला तरी मागं रेटत असलेल्या, आणि मामा तोटीपाशी वाकलेले. मला वाटलं कुलूप उघडतायत. ते कुलपावर 'हाऽ' करत होते. अख्खी रांग ताटकळत उभी, आणि ते कोपरानं पुसून कुलूप उन्हाकडं तिरकं धरून बघतायत.

तेवढ्यात खड्डा आला. आरशाचा स्क्रू मीच बसवलेला होता. आरसा माझ्याकडं फिरला, आणि मामांच्या जागी त्यात माझंच तोंड दिसायला लागलं, अगदी स्वच्छ, हदगावपर्यंत.